चोर कोण? चारातला एक!

मुलांनो, तुमच्या खेळण्यातल्या आगगाडीचा बिनतारी रिमोट मध्येच मान टाकतो का? बटण दाबलं तरी गाडी ढिम्म! मग घरात एकच सूर, 'टाका ते सगळे सेल!' थांबा. चारांतला बहुधा एकच सेल दमलेला असतो. तो शोधायचा कसा?

चार सेल रिमोटमध्ये एकापुढे एक जोडलेले असतात, हात धरून चालणाऱ्या मुलांसारखे. एक थकला की सगळ्यांचीच चाल थांबते.

आधी सेलची आणि रिमोटमधल्या पट्ट्यांची टोकं कोरड्या फडक्यानं पुसा. सेलवर 1 ते 4 आकडे घाला. चारही पूर्ण चार्ज करून रिमोट वापरा. तो बंद पडला, की मोठ्यांच्या मदतीनं प्रत्येक सेल मल्टिमीटरनं मोजा. तिघं 1.2 व्होल्टच्या आसपास आणि एक 0.9 वर? सापडला चोर! त्याच्या जागी त्याच प्रकारचा, तेवढ्याच एमएएचचा सेल घाला. त्यात साधा सेल मिसळू नका.

पालकहो, साधा सेल चार्जरमध्ये जाऊ देऊ नका, तो गळतो, फुटूही शकतो. फुगलेला सेल मुलांच्या हाती नको, आणि घरच्या कचऱ्यातही नको. तो ई-कचऱ्यात द्या.

आता कोडं. फक्त वहीत सोडवा, करून पाहू नका! 1.2 व्होल्टच्या चार सेलपैकी एक उलटा बसला, तर किती व्होल्ट मिळतील? 3.6 म्हणालात? चुकलात! उत्तर 2.4. का बरं?