विश्लेषण : झाडासाठी पैसे भरले, म्हणून विमानप्रवास ‘हिरवा’ होतो का?

परदेशी विमान कंपनीचे तिकीट मोबाइलवर काढताना अनेकदा शेवटच्या टप्प्यावर एक छोटा चौकोन दिसतो. थोडे पैसे जादा भरा, त्यातून झाडे लावली जातील आणि तुमच्या प्रवासाच्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई होईल, असे त्यात लिहिलेले असते. जालन्याच्या मस्तगड भागातून कामासाठी मुंबईला किंवा मुलाकडे लंडनला निघालेल्या प्रवाशाला हा सौदा स्वस्त वाटेल. पण या पैशांनी हिशेब खरोखर चुकता होतो का?

एका प्रवासाचे उत्सर्जन किती?

एक किलो विमान इंधन जळले, की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मुंबई-लंडन-मुंबई प्रवासात इकॉनॉमी श्रेणीतील एका प्रवाशाच्या वाट्याला ढोबळमानाने एक टन उत्सर्जन येते. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई या छोट्या उड्डाणात हा आकडा 40 ते 50 किलोच्या घरात जातो. अंतर कमी असले तरी विमान उंचीवर नेण्यासाठी बरेच इंधन लागते. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमान वाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. विमानामागे आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांमुळे होणारी तापमानवाढ यात धरलेली नाही.

भरपाईची कल्पना काय?

आपण सोडलेला एक टन वायू दुसऱ्या कोणीतरी शोषावा किंवा टाळावा आणि त्याचे पैसे आपण द्यावेत, ही मूळ कल्पना. अशा एका टनाला एक ‘कार्बन क्रेडिट’ म्हणतात. जंगल राखणे, झाडे लावणे, सौरऊर्जा, धूर कमी करणाऱ्या चुली अशा प्रकल्पांतून ही क्रेडिट तयार होतात आणि विकली जातात.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण वेळेची. पूर्ण वाढलेले झाड वर्षाला साधारण 20 किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, असे ढोबळ गणित मांडले जाते. त्या हिशेबाने लंडनवारीचा एक टन शोषायला अशी 50 झाडे वर्षभर हवीत. आज लावलेले रोप त्या आकाराचे व्हायला कित्येक वर्षे लागतात. वायू मात्र आजच हवेत गेलेला असतो.

दुसरी अडचण झाड टिकण्याची. ती जालनेकरांना वेगळी समजावून सांगायला नको. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यातील हजारो हेक्टर मोसंबीच्या बागा वाळल्या. शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालून झाडे जगवण्याची धडपड केली, तरीही अनेकांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. पोटच्या पोरासारखी जपलेली झाडे जिथे जगली नाहीत, तिथे दूरच्या कंपनीने लावलेले रोप 30 वर्षे उभे राहील, याची हमी कोण देणार? 2019 मधील 33 कोटी वृक्षलागवडीतील झाडे किती जगली, हा वादही विधिमंडळाच्या समितीपर्यंत गेला होता.

तिसरी अडचण खरेपणाची. जे जंगल तोडले जाणारच नव्हते, ते ‘वाचवल्या’चे क्रेडिट विकले, तर हवेत काहीच फरक पडत नाही. ‘व्हेरा’ या जगातील मोठ्या प्रमाणन संस्थेच्या वर्षावन प्रकल्पांतील 90 टक्क्यांहून अधिक क्रेडिट बहुधा निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष जानेवारी 2023 मध्ये ‘द गार्डियन’ आणि सहकारी माध्यमांनी मांडला. व्हेराने तो फेटाळला. मार्च 2024 मध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम कंपनीच्या भरपाईविषयीच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या.

सरकारी नियम काय सांगतात?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान संघटनेची ‘कॉर्सिया’ ही योजना 2016 मध्ये ठरली. 2019 च्या उत्सर्जनाच्या 85 टक्के ही तिची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे एकूण उत्सर्जन तिच्यावर गेले, की वाढीव भागाची भरपाई कंपन्यांनी करायची. भारतासाठी हे बंधन 2027 पासून लागू होते. देशांतर्गत उड्डाणे मात्र या योजनेत नाहीत. म्हणजे चिकलठाणा-मुंबई उड्डाणाची भरपाई तिच्यातून होणार नाही.

पर्यायी इंधनाची सुरुवात महाराष्ट्रातून झाली आहे. 19 मे 2023 रोजी देशी बनावटीचे शाश्वत इंधन मिसळून एक प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेले. त्या इंधनामागे पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि इंडियन ऑइल होती. पण मिश्रणाचे प्रमाण फार तर एक टक्का होते. शिवाय ते उसाच्या मळीपासून तयार होणार असेल, तर मराठवाड्याला पाण्याचा हिशेबही मांडावा लागेल.

प्रवाशाने काय करावे?

आधी टाळता येणारे उड्डाण टाळावे. मस्तगडहून चिकलठाणा विमानतळ पन्नासहून अधिक किलोमीटर आहे. तिथे एकट्याने पेट्रोल कारने गेले, तरी विमानात बसण्याआधीच आठेक किलो उत्सर्जन होते. जालन्याहून मुंबईची वंदे भारत 30 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाली आणि पुढे नांदेडपर्यंत वाढवली गेली. तिला लागणारी वीज कोळशाची धरली, तरी प्रवाशामागचे उत्सर्जन विमानाच्या कितीतरी कमी राहते. वेळ जास्त लागतो, हे खरे. पण घरापासून विमानतळ, तिथली तपासणी आणि मुंबईतील वाहतूक कोंडी जमेस धरली, तर फरक वाटतो तेवढा उरत नाही.

लंडनला रेल्वे जात नाही. तिथे थेट उड्डाण, इकॉनॉमी श्रेणी आणि दोन फेऱ्यांऐवजी एकच मोठा मुक्काम, एवढे हाती आहे. त्यानंतर भरपाईचे पैसे जरूर द्यावेत, पण देण्याआधी प्रकल्प कुठे आहे, झाडे मेली तर जबाबदारी कोणाची आणि शेतकऱ्याच्या हाती किती पडते, हे विचारावे.

गावच्या पाणलोटाच्या कामाला किंवा बांधावरच्या झाडांना दिलेला पैसा कधीही चांगलाच. फक्त त्याला देणगी म्हणावे, पावती समजू नये. मोसंबीची बाग वाळताना पाहिलेल्या जिल्ह्याला या दोन्हींतला फरक कळतो.