मोतीबागचं ग्राउंड

कडबी चौकात मेट्रोतून उतरलं की कामठी रोडला लागूनच रेल्वेचं मोतीबाग आहे. नागपूरकर तिथं मुलांना नेतात ते नॅरो गेजचं संग्रहालय दाखवायला. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सातपुड्यात धावणारी ती छोटी गाडी आता संग्रहालयातच पाहायला मिळते. छिंदवाड्याची 2015 मध्ये बंद झाली, नागभीडची 2019 मध्ये. याच मोतीबागेत रेल्वेचं फुटबॉलचं ग्राउंडही आहे आणि जिल्हा संघटनेच्या लीगचे सामने तिथं होतात. ते पाहायला मात्र फार कुणी जात नाही.

गेल्या रविवारी गेलो होतो. रेल्वेचा संघ आणि कामठीचा एक क्लब. तिकीट नाही, कॉमेंट्री नाही. चुन्याच्या रेघेपासून हातभर अंतरावर उभं राहिलं की खेळाडूंचा श्वास ऐकू येतो, स्टॉपर गोलकीपरला काय सांगतो तेही कळतं. टीव्हीवरच्या फुटबॉलला आवाज नसतो असं मला तेव्हा वाटलं. इथं चेंडू छातीवर आदळल्याचा आवाज पार या टोकाला येतो आणि मागून लगेच कुणी तरी ओरडतं, “अबे, पाहून काय राहिला, मार ना बे!” ओरडणारे बहुतेक जुने खेळाडूच. त्यांना ऑफसाइड समजावून सांगावा लागत नाही.

शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. कामठीच्या लेफ्ट विंगवरच्या पोरावरून त्यांची नजर हलत नव्हती. म्हणाले, “डाव्या पायानं चांगला खेळते. राज्याच्या टीममध्ये आला ना, तर लागून जाईल.” लागून जाईल म्हणजे नोकरीत. इथल्या फुटबॉलचा सगळा हिशेब त्या दोन शब्दांत आहे. लीगमधल्या गोलानं नोकरी मिळत नाही. पण जिल्ह्याची निवड इथूनच होते, पुढे राज्याची, मग राज्याराज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी, आणि तिथवर पोचलेल्या पोराला रेल्वेचा खेळाडू कोटा खुला होतो. कामठी हे विणकरांचं आणि विडी कामगारांचं गाव. तिथल्या घरात एक पगारी नोकरी येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ही पोरं पडली तरी वेळ न काढता उठतात.

रेल्वे आणि फुटबॉल यांचं हे नातं जुनं आहे. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्यालय कोलकात्यात, गार्डन रीचला. तिथल्या मैदानांवर तिचा संघ बीएनआर म्हणून गाजला. 1956 आणि 1960 च्या ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेले तुळशीदास बलराम 1963 मध्ये ईस्ट बंगाल सोडून बीएनआरकडे आले. आपल्या शहराचं नाव पोटात असलेला संघ कोलकात्यात मोहन बागान-ईस्ट बंगालशी भिडत होता, आणि ही गोष्ट आज नागपुरात क्वचितच कुणी सांगतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. कंपनी सरकारजमा झाली, झोन बदलत गेले. 2003 पासून मोतीबाग दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे आहे. पण रूळ तेच, वारसाही तोच.

‘झुंड’ हा सिनेमा आला तेव्हा, 2022 मध्ये, शहराला आपल्या फुटबॉलचा अभिमान वाटला. तो वाजवी होता. ज्यांच्या कामावर सिनेमा बेतला त्या हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी 2001 पासून जे केलं, त्याची दखल पुढे जगानं घेतली. पण सिनेमाला जेवढी गर्दी झाली, तिचा शंभरावा हिस्सासुद्धा मोतीबागेत येत नाही. जामठ्याच्या स्टेडियमवरच्या क्रिकेटच्या तिकिटांसाठी धडपडणारं हे शहर आहे. उत्साह कमी आहे असं कसं म्हणू?

कमी पडते ती माहिती. म्हणून एक मागणी आहे, आणि ती आम्हा वर्तमानपत्रवाल्यांकडेच आहे. लीगचा निकाल एका ओळीत आटोपू नका. गोल कुणी केला, पास कुणी दिला, गोलकीपर कोण होता, हे छापा. पोरांच्या घरी ती कात्रणं जपून ठेवतात. सामना कधी, कुठे, हेही आदल्या दिवशी द्या. कडबी चौकात मेट्रो थांबते, ग्राउंड जवळ आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत.