टर्बो बसवाल, पण त्याची उष्णता कोण सोसणार?

जुन्या, बिनटर्बोच्या डिझेल ट्रकला भंगार बाजारातून आणलेला टर्बो घरच्या अंगणातच बसवून घ्यावा, हा मोह समजण्यासारखा आहे. नवी गाडी परवडत नाही आणि कसाऱ्याच्या चढाला भरलेला ट्रक खालच्या गियरवर रांगत राहतो. मूळ कल्पनाही भक्कम आहे. डिझेल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून वाया जातो. त्याच गरम वायूने टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, याचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्येच घेतले होते. तरीही घरगुती टर्बो हा मालकाला तोट्याचा आणि रस्त्यावरच्या इतरांना धोक्याचा सौदा आहे, असे माझे ठाम मत आहे. टर्बो ताकदीबरोबर उष्णताही आणतो आणि जुन्या इंजिनात ती सोसायची सोय नसते.

साधा हिशेब करू. टर्बोने हवेचा दाब दीडपट केला, तर हवाही दीडपट जाईल असे वाटते. प्रत्यक्षात दाबली गेलेली हवा तापते. बाहेर 35 अंश असतील, तर ती इंजिनात शिरताना 90 अंशांच्या आसपास पोहोचते आणि तापून विरळ होते. इंटरकूलर नसेल, तर हाती लागते ती जेमतेम पाव हिस्सा जादा हवा. ही आधीच तापलेली हवा सिलिंडरमध्ये सतरा-अठरा पटीने दाबली जाते, त्यामुळे हेड, गॅसकेट आणि पिस्टनवरचा ताण वाढतो. त्यातच मिस्त्री पंपाचे डिझेल वाढवतो, कारण डिझेल वाढल्याशिवाय ओढ फारशी जाणवत नाही. टर्बाइनपूर्वी वायूचे तापमान बराच वेळ 700 अंशांच्या पुढे राहिले, तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनचा माथा धोक्यात येतो. ते तापमान दाखवणारा काटा अशा किती गाड्यांत बसवलेला असतो?

यावर हमखास युक्तिवाद होतो की कंपन्यांनीही याच इंजिनांना टर्बो लावले. हे खरे आहे. टाटांच्या जुन्या ट्रकमधील 697 इंजिनाचे कूळ ज्या मर्सिडीजच्या ओएम 352 शी जुळते, त्याचीही टर्बो आवृत्ती होती. पण कारखाना टर्बो लावतो, तेव्हा आतले भागही बदलतो. अमेरिकेत फोर्डच्या पिकअपमधील 7.3 लिटर डिझेल इंजिनाला 1993 मध्ये कारखान्यातून टर्बो मिळाला, तेव्हा पिस्टनची पिनसुद्धा जाड करण्यात आली. अंगणात बदलतो तो फक्त मॅनिफोल्डवर दिसणारा भाग.

न दिसणारा भाग तेलाचा आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केले, की तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या घरातले तेल जळून काजळी धरते आणि बेअरिंग खरवडते. बेअरिंग आणि सील गेले, की ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. डिझेल इंजिन मग त्याच ऑइलवर सुसाट पळू लागते. पंप डिझेल तोडतो, पण इंजिनाला आता त्याची गरजच उरलेली नसते. हवेची वाट कोंडणे, एवढाच उपाय राहतो.

टर्बोने ॲव्हरेज सुधारतो आणि धूर कमी होतो, असेही सांगतात. डिझेल न वाढवता मोजका दाब दिला, तर काळा धूर खरोखर कमी होतो, कारण तो अपुऱ्या हवेचाच असतो. पण ती शिस्त पाळणारा मालक विरळा. वाढलेली ओढ बहुधा जादा माल भरण्यातच खर्ची पडते आणि ब्रेक मात्र जुन्या वजनाच्या हिशेबाचेच राहतात. जो ट्रक जादा माल घेऊन घाट चढला, त्याला तो उतरायचाही असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल रोखते, त्यामागे हाच व्यवहारी विचार आहे.

म्हणून हाच पैसा आधी नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन, टॅपेट सेटिंग, एअर फिल्टर आणि टायरमधील हवेवर खर्च करावा. थकलेल्या इंजिनाची हरवलेली ताकद बरीचशी तिथेच सापडते. सरकारनेही नुसत्या मनाईवर थांबू नये. सीएनजी किटला मान्यता देण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. तशीच पद्धत ठराविक जुन्या इंजिनांसाठी लागू करावी. टर्बो, ऑइलची नळी, इंटरकूलर, तापमानाचा काटा आणि पंपाची मर्यादा असा पूर्ण संच पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासावा आणि आरटीओने त्याची नोंद घ्यावी. एका गाडीवर संसार चालवणाऱ्या मालकाला सुधारणेचा सुरक्षित मार्ग मिळायलाच हवा. तो मिळेपर्यंत अंगणातल्या टर्बोला त्याने ठाम नकार द्यावा.