नव्या पाटीवरचा जुना पेच

१ फेब्रुवारी २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लाल कापडी वेष्टनातून कागदांऐवजी टॅब्लेट बाहेर काढला आणि अर्थसंकल्प त्यावरून वाचला. कागदविरहित कारभाराचे प्रतीक म्हणून त्या दृश्याचे कौतुक झाले, ते योग्यच होते. मात्र आकडे वाचणे वेगळे आणि आकडेमोड करून ते मांडणे वेगळे. टॅब्लेट संगणकाची जागा घेणार काय, हा वाद नेमका इथेच अडतो.

जानेवारी २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी आयपॅड सादर केला, तो फोन आणि लॅपटॉप यांच्या मधले साधन म्हणून. संगणकाला पर्याय ही भाषा नंतरची. २०१५ मध्ये त्याच्या जोडीला कळफलक व पेन्सिल आली, २०२० मध्ये ट्रॅकपॅड, २०२१ मध्ये मॅकमधलीच एम-१ चिप आणि २०२५ मध्ये संगणकाप्रमाणे खिडक्या लहान-मोठ्या करण्याची सोय. म्हणजे संगणकाला हटवता हटवता टॅब्लेटच संगणक होत गेला! हे जोडसामान वेगळे विकत घ्यावे लागते आणि सारा हिशेब लॅपटॉपच्या किमतीपर्यंत जातो, ही बाब जाहिरातीत सहसा ठळक नसते.

ई-मेल, बँकेचे व्यवहार, वीजबिल, परदेशातील नातवंडांशी गप्पा एवढेच काम असलेल्या निवृत्तांना टॅब्लेट पुरतो. किंबहुना तोच अधिक सोयीचा. अडचण कचेरीच्या कामात आहे. टॅलीचा मूळ प्रोग्राम विंडोजवर चालतो. एक्सेलमधील मॅक्रो आयपॅडवर चालत नाहीत. मराठीची तर आणखी एक गोची आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तयार झालेल्या असंख्य जुन्या फायली टॅब्लेटवर उघडल्या की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. शिवाय सरकारी नोकरीसाठी लागणारी टंकलेखनाची परीक्षा संगणकाच्या कळफलकावरच द्यावी लागते; काचेवर बोट फिरवून मिनिटाला ३० शब्दांची गती कशी येणार?

मोठ्यांचे एक वेळ निभावेल, पण विद्यार्थ्यांचे काय? ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने स्वस्त 'आकाश' टॅब्लेटचा गाजावाजा केला. त्याच वर्षी तामिळनाडूने शासकीय व अनुदानित शाळांतील बारावीच्या मुलांना लॅपटॉप देण्यास सुरुवात केली. 'आकाश' मंद गतीच्या तक्रारींतच विरला. दोन्हीकडे खर्च जनतेचाच होता, पण प्रोग्रॅमिंग शिकायचे, प्रकल्प-अहवाल लिहायचा, तर उपयोगी कोणते, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आपल्याकडे 'महाज्योती' ही संस्था प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब्लेट देते. ध्वनिचित्रफितींतून धडे ऐकायला ते साधन उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण जेईई मेन आणि राज्याची सीईटी या दोन्ही परीक्षा संगणकावर होतात, आणि अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच सत्रात पुन्हा संगणकच लागतो. ज्या घरात एकच वस्तू घेण्याची ऐपत आहे, तिथे नव्या टॅब्लेटपेक्षा वापरलेला पण धड चालणारा लॅपटॉप पालकांनी आधी पाहावा.