ताठ बसणे पुरेसे नाही

पाठ दुखू लागली की घराघरांत पहिला उपदेश होतो तो 'ताठ बस' असा. उपदेश चुकीचा नव्हे, अपुरा आहे. २०२० साली जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोक कंबरदुखीने त्रस्त होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्या साऱ्यांना वाकून बसण्याचीच खोड होती, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मणक्यांमधील चकत्यांना प्रौढ वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांच्या पोषणास हालचालीचा हातभार लागतो. म्हणूनच तासन्‌तास ताठ, पण निश्चल बसणाराही पाठीवर अन्यायच करीत असतो. पाटावरची पंगत ही उठबस नकळत करवून घेत असे. (त्या काळी पाठ दुखतच नसे, असा दावा मात्र कोणी करू नये, विहिरीचे पाणी शेंदलेल्या आजीला विचारावे!) तेव्हा कमरेला आधार असावा, संगणकाचा पडदा डोळ्यांसमोर असावा, पण अर्ध्या तासाने उठावेही. ओझे अंगालगत धरून उचलावे. साध्या कंबरदुखीत आठवडाभर अंथरूण धरण्याचा सल्ला आता डॉक्टरही देत नाहीत. मात्र पाय लुळा पडू लागला वा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.