वास्तवाची किंमत आणि भौतिकशास्त्राचा हिशेब

३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी चेन्नईतील आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या रस्त्यांवर, विजेच्या झोतात, फॉर्म्युला ४ गाड्या धावल्या. गर्दी लोटली, पण त्या गर्दीतील किती विद्यार्थ्यांना अशा गाडीत बसणे परवडेल? त्यांच्यापुढे उरतो तो घरगुती रेसिंग सिम्युलेटर. तेथेही त्यांच्या कानी एकच मंत्र घातला जातो : लाखो रुपये ओतल्याशिवाय ‘खरा अनुभव’ नाही. हा मंत्र बाजाराचा आहे, भौतिकशास्त्राचा नव्हे.

सर्वांत महाग वस्तूच तपासावी. आसन हलवणारा मंच १० अंश कलला, तर बसणाऱ्याला गुरुत्वाचा जेमतेम ०.१७ पट रेटा जाणवतो. शर्यतीची गाडी ब्रेक लावताना १ जीहून अधिक मंदन अनुभवते. म्हणजे ऐपत पणाला लावून मिळते ती केवळ सूचना.

उलट ब्रेकचे पेडल पाहावे. स्वस्त पेडल पाय किती सरकला हे मोजते. शर्यतीच्या गाडीत मात्र महत्त्व असते ते पायाने दिलेल्या बलाला. हे बल मोजणारा लोड सेल वजनकाट्यातही असतो. त्यातील स्ट्रेन गेजचा रोध बदलतो, व्हीटस्टन सेतू तो बदल टिपतो, एचएक्स७११ ही चकती त्याचे अंकांत रूपांतर करते. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असे सुटे भाग शोधावेत. जुने मोटारीचे आसन पुदुपेटच्या बाजारात.

सांगाड्यालाही श्रीमंती लागत नाही. १०० मिमी रुंद व २५ मिमी जाड फळी आडवी न ठेवता धारेवर उभी केली, की तिची वाकण्याविरुद्धची दृढता १६ पट होते. चाकांच्या खुर्चीवर बसून ब्रेक दाबणाऱ्याला खुर्ची मागे पळून न्यूटनचा तिसरा नियम शिकवते. आसन आणि पेडल एकाच चौकटीत बांधणे हाच त्यावरील उपाय. ६० सेंमी रुंदीचा पडदा डोळ्यांपासून ६० सेंमीवर असेल, तर दृष्टिकोन सुमारे ५३ अंश येतो. तोच आकडा खेळात भरला, की वळणांचे अंतर खरे भासते. या दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही.

महाग स्टीअरिंग अधिक सूक्ष्म प्रतिबल देते, हे नाकारण्याचे कारण नाही. व्यावसायिक संघांना त्याची गरजही असते. आक्षेप आहे तो क्रमाला. डगमगत्या टेबलावर बसवलेले उत्तम स्टीअरिंग टेबलाचीच थरथर हातात देते. आधी दृढता, मग बलमापन, मग भूमिती. खर्चिक यंत्रे त्यानंतर.

खरे नुकसान खिशाचे नाही. ‘हे आपल्यासाठी नाही’ असे मानून विद्यार्थी मागे फिरतो, तेव्हा यामिकी, विद्युत आणि प्रकाशिकी एकाच चौकटीत हाताळण्याची संधी बुडते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी असा एक सांगाडा मुलांकडूनच बांधून घ्यावा. पाठ्यपुस्तकातील व्हीटस्टन सेतू परीक्षेपुरता पाठ करणारी पिढी तो पायाखाली दाबून पाहील, तर त्याचा विसर तिला सहजी पडणार नाही.