ओळखपत्र आहे, हमी कुठे?

साक्षरतेचे धडे द्यायला वस्तीत गेलेल्या पुण्यातल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्यांनी कचरावेचक बायकांचं म्हणणं आधी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. त्यातूनच १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कचराकुंडीत हात घालणारीला पोलीस चोर समजत. पंचायतीमुळे तिच्या गळ्यात ओळखपत्र आलं. २००८ मध्ये याच कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि दारोदार कचरा गोळा करणं हे तिचं रीतसर काम ठरलं. तरीही करार संपत आला की मुदतवाढीसाठी पालिकेचे उंबरठे झिजवणं आहेच. हे काम बळकावायला ठेकेदारांच्या गाड्या टपलेल्या असतात. भंगार विकून चार पैसे मिळतात, म्हणून पगार, विमा, निवृत्तिवेतन नको, हा हिशेब सोयीचाच! पालिकेने दीर्घ मुदतीचा करार करावा आणि सामाजिक सुरक्षेचा वाटा स्वतः उचलावा.